दोन बोटं डावीकडे

ता. ५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेलं खोकं काल पोचलं. तुझा बाबा म्हणाला की सवडीने उघडू. त्याची सवड मला ठाऊक आहे, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर अजून इस्त्रीच्या टेबलामागे लटकतंय. म्हणून तो वर जेवायला गेल्यावर मीच कात्री घेतली. आतून थर्माकोलचे दाणे असे उधळले की विचारू नकोस, आणि ते नेमके डॉक्टरांच्या धुऊन ठेवलेल्या काळ्या कोटाला जाऊन चिकटले. कोट पुन्हा झाडला. डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

बोटाने चालवायची ही काच सुंदर आहे. कपड्यांची चित्रंही ओळखू येतात, एक रजई सोडून. ती मला आधी बिस्किट वाटली. मी सांगितला तसाच डावीकडून उजवीकडे क्रम ठेवलास, रजई, शर्ट, चादर, कोट, पडदा, हे बरं केलंस. चित्र दाबलं की कपड्याला लावायची चिठ्ठी आपोआप छापून येणार, असं तू म्हणाली होतीस. पण ही बया ढिम्म हलत नाही. मी शर्टावर बोट ठेवलं, मग अंगठा ठेवला, मग तळहात. शेवटी चांगलं खडसावलं. काही नाही. शिवाय एक बारीक वायर उरली आहे. ती जास्तीची दिली असावी म्हणून मी गुंडाळून, रबर लावून खणात ठेवली.

आता खरी गोष्ट. तुझ्या बाबाने परवा माझ्या खुर्चीवरची गादी धुवायला टाकली. इतक्या वर्षांत टाकली नाही ती. लाँड्रीवाला स्वतःचीच गादी धुतो तेव्हा काहीतरी शिजतंय हे न कळायला मी दुधखुळी नाही. विचारलं तर म्हणाला की ताई, तुझे गुडघे दुखतात, आता वर खिडकीशी बसावंस, रेडिओ ऐकावास, विश्रांती घ्यावीस. विश्रांती मी एकदा घेऊन पाहिली आहे. ती दुपारच्या चहापर्यंत पुरली, मग मी वरच्या सगळ्या फळ्यांचे कागद बदलले. भिंगरे, गुडघे वरही दुखणारच. पण वर माझ्याशी बोलायला कोण आहे? इथे दिवसभर माणसं येतात, भांडतात, डाग कशाचा ते सांगताना खोटं बोलतात, त्यात माझा दिवस जातो. ही काच मला आली नाही तर मला उठवायला त्याला आयतं निमित्त मिळेल.

तेव्हा काय करायचं ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोन दुकानात आहे, मशीनच्या आवाजात मला ओरडावं लागतं आणि तुझा बाबा इस्त्री हातात धरून सगळं ऐकतो. एकदा एका शर्टाची कॉलर त्यातच गेली.

बाकी क्षेम. माया आहेच, ती दोन्हीकडून वाढू दे. जेवत जा.

तुझी,
आत्या


ता. ११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की साहेब उठून बघायला आले. आत्या, ती रबर लावून ठेवलेली वायर म्हणजेच काचेचे कान. मोठी वायर नुसतं चित्र दाखवते. बोट लागलं की नाही हे त्या बारीक वायरीतून कळतं. ती खणातून काढ आणि कॉम्प्युटरच्या मागे जी चपटी भोकं आहेत त्यांतल्या कुठल्याही एकात खुपस. जात नसेल तर उलटी करून बघ. जोर लावू नकोस. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू कर.

एवढ्याने तिला बोट कळेल, पण बोटाची जागा कळणार नाही. ती शिकवावी लागते. त्यासाठी मी काचेवर खाली एक फुलीचं चित्र ठेवलं आहे, ते माऊसने उघड. सगळी काच पांढरी होईल आणि एका कोपऱ्यात फुली येईल. फुलीच्या बरोबर मधोमध बोट टेकव, ती लाल होईपर्यंत धर आणि मग उचल. मग दुसऱ्या कोपऱ्यात येईल. असं चारी कोपरे आणि शेवटी मधली एक. करताना रोज बसतेस तशीच खुर्चीत बस. उभं राहून करशील तर काच वरून दिसते आणि मग बसल्यावर नेम चुकतो. खळीचा हात लावू नकोस. काच आधी कोरड्या फडक्याने पूस.

आणि एक लक्षात ठेव. ही काच भारी भोळी असते. फुली दाखवते आणि तुझं बोट जिथे पडेल तिथेच फुली होती असं धरून चालते. चुकीचं शिकवलंस तर जन्मभर इमानेइतबारे चुकीचं वागेल. इथे मी दवाखान्यांत असल्याच काचा बसवत हिंडते. तिथल्या एका गृहस्थांनी ऐन फुली दाबताना शिंक दिली, तर नंतर लोकांनी डोळ्यांचं चित्र दाबलं की त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं जाई. म्हणून शिंक आली तर बोट उचल.

गादीचं वाचून बरं वाटलं नाही. मी बाबांशी बोलू का? तू नको म्हणशीलच, पण विचारून ठेवते.

सांभाळून राहावे. माझ्यावरची माया आहे त्याच जागी ठेवावी.

तुझी,
भिंगरी


ता. १९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईच्या शाळेतल्या टपालातून पाठवतो आहे, कारण दुकानातलं टपाल ताई बघते.

तुला स्पष्टच सांगतो. स्क्रीन मागवला तेव्हा माझ्या मनात असं होतं की कामं सोपी झाली की ताईला उठवावं आणि खुर्चीवर दुसरं कोणी बसवावं. संध्याकाळी तिला जिना चढताना बघवत नाही. कठड्याला धरून दर पायरीला थांबते आणि आपण थांबलो नाही असं दाखवायला भिंतीवरचा डाग खरवडते. म्हणून मी एक बाई ठरवल्या. चष्मा लावतात, बोलायला शांत, कॉम्प्युटरचं रीतसर शिकलेल्या. पुढच्या महिन्यापासून यायच्या होत्या. ताईला अजून समोर बसून सांगितलेलं नाही, हिंमत होत नाही.

पण बेटा, तुझा स्क्रीन बिघडलेला निघाला, आणि बिघाडही असा की माझी मती गुंग झाली आहे. तो ताईचं ऐकतो आणि दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही! मी शर्ट दाबला की चादर येते. चादर दाबली की कोट. पडदा दाबला तर काहीच नाही. ताई येते, एका हातात पुसायचं फडकं, काच पुसल्यासारखं करते, बोट टेकवते आणि शर्टाची चिठ्ठी शर्टासारखी बाहेर! फडक्यामुळे तिचं बोट नीट दिसतही नाही. मी विचारलं की कसं काय गं, तर म्हणाली की हाताला गुण लागतो.

त्या बाईंना काल नमुन्यादाखल बसवलं. त्यांनी पहिलाच कोट घेतला तो वकिलांचा. चिठ्ठी निघाली पडद्याची. मी मागे मान खाली घालून काम करतो, चिठ्ठी पाहिली आणि कोटाला पडद्यासारख्या उभ्या चुण्या पाडल्या. वकील न्यायला आले तेव्हा जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली की होईल हो सवय, मलाही लागली वेळ. इतकी गोड ताई मी कधी पाहिली नव्हती.

तेव्हा तुझ्या ऑफिसातून माणूस पाठवता येईल का ते कळव. ताईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

आई ओरडते आहे, आटोपतो. बापावर लोभ असतोच, तो दिसू दे, म्हणजे पत्र पाठवत जा.

तुझे,
बाबा


ता. २३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र छोटंच आहे, पण फार कडक आहे असं समजून वाच.

एकाच माणसाचं ऐकणारी काच अजून कुठल्याही कारखान्यात तयार झालेली नाही. मी त्या धंद्यात आहे. शर्ट दाबला की चादर, चादर दाबली की कोट, आणि पडदा दाबला की शून्य, याचा अर्थ सगळी काच एक घर सरकली आहे. आपोआप सरकत नाही. कोणीतरी तिला तसं शिकवलं आहे. आणि ती फुल्यांची शाळा घेणारं दुकानात एकच माणूस होतं.

शिंक आली होती का? पाचही वेळा?

खरं काय ते लिही. मला कोणी सांगितलं हे विचारू नकोस. आणि लोभ सध्या पत्राच्या उत्तरापुरता राखून ठेवला आहे.

तुझी,
भिंगरी


ता. २८ जानेवारी

चि. इंजिनीयरबाईंस,
आशीर्वाद. रागावू नये, ही वि. वि.

शिंक कसली येते! मी बोट दोन बोटं डावीकडे टेकवलं. प्रत्येक फुलीच्या डावीकडे, अगदी मोजून. तूच लिहिलंस ना की काच भोळी असते, जे शिकवू ते शिकते. मी ते वाक्य वाचलं, पत्र मिटलं, चहा केला आणि पुन्हा उघडून वाचलं. मग रोज बसते तशीच खुर्चीत बसून, कोरड्या फडक्याने काच पुसून, तू सांगितलंस ते सगळं केलं. एवढं एक सोडून.

तुला कोणी सांगितलं हे मी विचारत नाही. तुझ्या आईच्या शाळेची टपालपेटी कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

आता तुला वाटेल की आत्या दुष्ट आहे. त्या बाईंचं मला खरंच वाईट वाटलं. चांगली आहे बिचारी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा माझा जीव खालीवर झाला आणि सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण मग तुझ्या बाबाने तिला विचारलं की पहिल्या तारखेपासून याल ना, आणि तेही माझ्यासमोर, मी म्हणजे भिंतीला टांगलेला हँगर असल्यासारखं! तेव्हा गप्प बसले. वकिलाच्या कोटाचं मात्र मला काडीचं वाईट वाटलं नाही. चुण्यांनी त्याला जरा रुबाब आला.

भिंगरे, चेष्टा पुरे. मला भीती वाटते. आईवडील गेल्यावर मी या खुर्चीवर बसले ती तुझ्या बाबाला शाळेत पाठवायला. मग उठायचं कारणच पडलं नाही. आता तो मला प्रेमानेच उठवतोय, म्हणून तर भांडताही येत नाही. कोणी हाकललं असतं तर मी त्याला चांगलं झोडपलं असतं. विश्रांती घे म्हणणाऱ्याला काय झोडपणार?

तेव्हा ही काच वाकडीच राहू दे. तुझ्या बाबाला सांगू नकोस. सांगितलंस तर तुझ्या लहानपणीच्या गोष्टी तुझ्या साहेबांना पत्राने कळवीन.

शपथ घातली आहे असं समज. जवळ असतीस तर कान धरला असता, दूर आहेस म्हणून आशीर्वाद.

तुझी,
आत्या


ता. १ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माणूस पाठवायची गरज नाही. स्क्रीन बिघडलेला नाही. त्याला पुन्हा एकदा जागा शिकवावी लागेल आणि ते तुम्हालाही जमेल. दुकान बंद असेल त्या दिवशी खुर्चीत बसा, खाली फुलीचं चित्र आहे ते माऊसने उघडा. एकेक फुली येईल, तिच्या मधोमध बोट ठेवा, लाल झाली की उचला. बस्स.

बिघाड कसा झाला हे मला विचारू नका. मी कोणाला तरी शब्द दिला आहे आणि तुमच्याशी खोटंही बोलायचं नाही, म्हणून या विषयावर तोंड मिटून बसते. लोकांचे कोट पडदे होऊ नयेत एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि बाबा, स्क्रीनला हात लावण्याआधी आत्याशी बोला ना. तिला वर काय वाटेल हे तुम्ही तिला एकदा तरी विचारलं आहे का? मी तुमची मुलगी, लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण राहवत नाही.

आईला नमस्कार. माझं चुकलं तर रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
भिंगरी


ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. बोलायचं धाडस मला झालं नाही. शिकवायचं झालं. रविवारी ताई देवळात गेली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं उघडून बसलो आणि तू लिहिलंस तसं केलं. एका झटक्यात जमलं! शर्ट दाबला, शर्ट. कोट दाबला, कोट. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हाताला गुण वगैरे काही नव्हतं, आमच्या ताईसाहेबांनी आम्हाला तीन आठवडे सरळसरळ बनवलं. मला आधी राग आला, मग इतकं हसू आलं की खुर्चीवरून उठवेना. म्हटलं, उद्या गंमत बघू.

सोमवारी इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहून बघत होतो. पहिलं गिऱ्हाईक शर्ट घेऊन आलं. ताईने फडकं फिरवलं आणि, आता मला दिसलं, शर्टाच्या डावीकडे बोट टेकवलं. चिठ्ठी रजईची. तिने पुन्हा टेकवलं. पुन्हा रजई. मग कोट आला, त्याची चादर झाली. रांग लागली.

मला वाटलं होतं की ती आता चिडेल, आरडाओरडा करेल आणि मग मी तिला पकडीन. ती ओरडली नाही, भिंगरी. बोटाकडे बघत राहिली, दुसऱ्याचं असल्यासारखं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. गिऱ्हाइकाची माफी मागितली, जी तिने आजवर कोणाची मागितलेली मी ऐकली नाही. दुपारी मला हळू आवाजात म्हणाली की तुझं बरोबर होतं, माझ्याच्याने आता होत नाही, त्या बाईंना बोलाव. आणि जिन्याकडे वळली. भिंतीवरचा डाग खरवडायचंही तिने सोंग केलं नाही, नुसती थांबत थांबत गेली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. मला शाळेत पाठवून ती त्या खुर्चीवर बसली होती आणि मी तिला तिथून उठवून चांगुलपणाचा आव आणत होतो.

म्हणून संध्याकाळी मी स्क्रीन होता तसा करून ठेवला. ती डावीकडे दाबते हे पाहिलं होतंच, तेव्हा डोकं चालवून प्रत्येक फुलीच्या दोन बोटं उजवीकडे टेकवलं, म्हणजे बरोबर जुळतं. तुझा बाप अगदीच ढ नाही. मग वर जाऊन ताईला म्हटलं की आज लाइट कमीजास्त होत होती, त्याने स्क्रीन भरकटला असेल, उद्या एकदा बसून बघ. स्क्रीन सुधारेपर्यंत थांबवून ठेवलेल्या त्या बाईंना पाठच्या गल्लीतल्या छापखान्यात काम मिळवून दिलं, तिथे त्यांचा जीव रमेल. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावायला सुताराला सांगितलं आहे.

ताईला हे कधीही कळता कामा नये. मला काही माहीत नाही असंच तिला वाटू दे.

तुझ्यावर लोभ आहे, आणि तुझ्या गप्प बसण्यावर त्याहून जास्त.

तुझे,
बाबा


ता. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाक.

मंगळवारी मी तुझा बाबा खाली यायच्या आधी दुकानात उतरले. म्हटलं शेवटचं बसून बघावं. लाइटची थाप मला पटली नव्हती, पण आशा वाईट असते. फडकं फिरवलं आणि कोटासाठी डावीकडे बोट ठेवलं. शर्ट आला. मग सरळ कोटावरच ठेवलं, तर चादर आली. मी चक्रावले. मग सहज उजवीकडे, पडद्यावर ठेवलं, तर कोटाची चिठ्ठी निघाली.

तेव्हा मला सगळं कळलं. सोमवारी काच सरळ झाली होती, म्हणजे कोणीतरी ती सरळ केली होती. आणि आता ती पुन्हा वाकडी होती, पण उलट्या बाजूला. तुझ्या बाबाने मला हवी तशी करायला म्हणून उजवीकडे टेकवलं आणि सगळं दुसऱ्या अंगाला कललं! ढ तो ढच. मी रिकाम्या दुकानात खुर्चीवर बसून हसले आणि मग बराच वेळ रडले. लहानपणी माझा कप फोडला की असाच वाकडातिकडा चिकटवून जागेवर ठेवायचा आणि दिवसभर माझ्याकडे बघत हिंडायचा.

मग डोळे पुसले आणि कामाला लागले. तो खाली येईपर्यंत मला नवी बाजू पाठ करायची होती. रजईपासून पडद्यापर्यंत सगळं घोकलं. तो आला, इस्त्री तापत ठेवली आणि एकाच चादरीवर ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिला, डोळा माझ्यावर. पहिला शर्ट आला. मी फडकं फिरवलं आणि दोन बोटं उजवीकडे टेकवलं. शर्टाची चिठ्ठी निघाली. त्याने असा सुस्कारा सोडला की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

त्याला वाटतं मी डावीकडेच दाबते. वाटू दे. मला काही माहीत नाही असं त्याला वाटतं, तेही वाटू दे. तू सुट्टीत आलीस आणि त्या काचेला सुधारायला हात लावलास तर तुला या घरात चहा मिळणार नाही.

विश्रांतीचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. उलट काल दुपारी, भर गर्दीत, वकिलांच्या देखत मोठ्याने म्हणाला की आमच्या ताईशिवाय हे यंत्र कोणाला चालवताच येत नाही, ती नसती तर दुकान बंद करायची पाळी होती. इतकं धडधडीत खोटं बोलताना त्याचे कान लालबुंद झाले. वकिलांनी विचारलं की यांना बरं नाही का. मी म्हटलं की इस्त्रीची वाफ लागते त्याला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तुझ्यावर माया आहे, दोन्ही बाजूंनी.

तुझी,
आत्या